ठकीची आई

ठकीचं नाक माझ्या लग्नाच्या आधीच गेलेलं होतं, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पाथरीत नाकाचा विषय निघाला की माणसं अजून माझ्याकडेच बघतात.

ठकी म्हणजे आमच्या सासरची लाकडी बाहुली. वीतभर उंच, अंगावर लाल रंगाचं लुगडं, हात पोटाशी चिकटलेले आणि पाय नाहीतच. लुगडं संपलं की ठकी संपली. डोळे मात्र असे टपोरे, की घरात कुणी कुणाला काय बोललं ते सगळं हिच्या लक्षात असावं. घरातल्या प्रत्येक लेकरानं दात येताना ठकीला चावलेलं आहे. आधी सासरे, मग हे, मग वन्सं आणि शेवटी आमची कौसी. नाक नेमकं कुणी खाल्लं यावर दर दिवाळीला वाद होतो आणि सासूबाई तेवढ्यात उठून चुलीकडे जातात.

ठकीला घरात मान आहे तो बारशाचा. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंटा घालून झोका देतात, ही रीत सगळीकडे आहे. आमच्याकडे वरवंट्याच्या जागी ठकी. आजेसासूबाईंच्या काळात म्हणे एका बारशाला वरवंटा धुवायचा राहिला आणि त्याला सकाळच्या ठेच्याची मिरची होती. पाळण्याला ती लागली, पाळण्यातून बाळाला लागली आणि नाव ठेवायच्या आत त्या बाळानं अर्धी पाथरी गोळा केली. तेव्हापासून ठकी. पाळण्यात गेलेली ठकी मग त्याच लेकराची, पुढचं लेकरू होईपर्यंत.

आणि पुढचं लेकरू झालं. मार्गशीर्षात सासूबाईंचं कार्ड आलं. सासूबाई कार्डसुद्धा तारेसारखं लिहितात: "पंचफुलाला मुलगी झाली. बाराव्याला बारसं. ठकी घेऊन या. कळावे."

कार्ड यायला तीन दिवस लागले होते. उरले नऊ.

हे मामा झाल्याच्या आनंदात ओसरीवर फेऱ्या मारायला लागले. मी कौसीकडे बघत होते. तीन वर्षांची कौसी ठकीला वरण भरवत होती. ठकी आधी जेवते, मग कौसी. ठकीला झोप आली तरच कौसीला येते. ठकी पाव तास दिसली नाही तर आमच्या परभणीच्या पाच बिऱ्हाडांच्या ओळीत नळावरची भांडणंसुद्धा थांबतात, कारण कौसीपुढे ती ऐकू येत नाहीत. या लेकराच्या हातून ती बाहुली काढून घ्यायची कुणी? हे म्हणाले, "तू आई आहेस." आणि कचेरीत निघून गेले.

मग माझ्या तोंडून ते वाक्य गेलं. नळावर, सगळ्यांसमोर. "मी तिला दुसरी ठकी करून देते. लोकरीची, क्रोशानं. अगदी हुबेहूब."

क्रोशाची सुई मी तोवर हातातसुद्धा धरलेली नव्हती. हुबेहूब म्हणायची तर काहीच गरज नव्हती. पण सुलाबाई नळावर होत्या, आणि त्या असल्या की माझ्या तोंडून असं काहीतरी जातंच.

सुलाबाई आमच्या ओळीतल्या क्रोशाच्या सर्वाधिकारी. त्यांच्या घरात रेडिओला क्रोशाचं कव्हर आहे आणि त्या कव्हरावर धूळ बसू नये म्हणून आणखी एक. पेल्यांना झाकण्या, माठाला झालर. घरात झाकायचं काही राहिलं असेल तर ते एकच, असं त्यांचे यजमान म्हणतात, आणि काय ते सांगत नाहीत.

"बाव्हली?" सुलाबाई म्हणाल्या. "आवो वहिनी, त्यात काय हाय. सहा साखळ्या घ्या, गोल जोडा, बारा खांब घाला. डोकं झालंच म्हणून समजा."

सुई त्यांनी दिली. राहिली लोकर. त्या आठवड्यात बाजारात लोकर होती ती हिरवी, पोपटी आणि आणखी एक हिरवी. आमच्या घरात लाल वस्तू एकच, यांचा मफलर. माझ्या आईनं पहिल्या दिवाळीला जावयासाठी विणलेला. आईला माप माहीत नसल्यामुळे तो एवढा लांब झाला होता, की गळ्याभोवती दोन वेढे घेऊनही टोकं सायकलच्या दांडीला लागत. एका टोकाकडून थोडा उसवला तर कुणाला कळणार? हे तो सकाळी दूध आणायला जाताना घालत, नंतर दिवसभर मफलर खुंटीवर आणि मी घरात. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर यांनी होच म्हटलं असतं, मग उगाच कशाला विचारा?

दुपारी कौसी झोपते तो तास माझा. त्या तासात आजवर मी डाळ निवडली आहे, पत्रं लिहिली आहेत, एकदा नुसतीच भिंतीला टेकून बसले आहे. आता मफलर खुंटीवरून न काढता, लागेल तेवढाच धागा उसवत मी खांब घालायला लागले.

दोन दिवसांनी ठकीचं डोकं घेऊन सुलाबाईंकडे गेले. त्यांनी ते तळहातावर पसरलं, लांब धरून बघितलं, जवळ धरून बघितलं.

"छान झालंय. कोणत्या पेल्यासाठी?"

डोकं सपाट होतं, लहान भाकरीच्या चांदकीसारखं. सुलाबाईंनी आयुष्यभर झाकण्याच केलेल्या, त्यामुळे त्यांच्या शिकवण्यातून झाकणीच निघत होती. मी म्हटलं, "पण यात डोकं कुठाय?" त्यावर त्या म्हणाल्या, "ते तुमचं तुमी बगा. इणकाम तर बराबर हाय."

शेवटी मदतीला आल्या चांगुणाबाई. आमच्या शेजारच्या, उभा जन्म शेतात काढून आता लेकाकडे शहरात राहायला आलेल्या. क्रोशाचं त्यांना गंधसुद्धा नाही.

"आगं, भाकर थापायलीस व्हय? कड वर उचल की. मडक्यावाणी."

टाके वाढवणं थांबवलं आणि खरोखर कड उभी राहिली. चौथ्या दिवशी लाल, गोल, पोकळ असं डोकं तयार झालं. सुलाबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

दरम्यान हे रोज सकाळी गळा चाचपत म्हणत, "यंदा थंडी जास्तीची आहे. मफलर पुरेना झालाय." मी म्हणे, "हो ना."

पाचव्या दिवशी सकाळी यांना उशीर झाला. आदल्या दुपारचं डोकं, त्यात खोचलेली सुई आणि मफलरला जोडलेला धागा, सगळं खुंटीखालच्या टोपलीत होतं. यांनी मफलर ओढला, गळ्याला गुंडाळला आणि किटली घेऊन सायकलवर टांग टाकली. उंबऱ्यावर सुई वाजली. मी चुलीपुढून धावत बाहेर येईपर्यंत ठकीचं डोकं उड्या मारत फाटकाबाहेर निघालं होतं.

नळावरून चांगुणाबाई ओरडल्या, "आवो दिनकरराव, थांबा! तुमच्या मागं कायतरी लागलंय!"

यांना वाटलं, कुत्रं. यांनी पाय जोरात मारले.

क्रोशाचं एक आहे. विणायला चार दिवस लागतात, उसवायला एक सायकल पुरते. दूध घेऊन हे परत आले तेव्हा आमच्या दारापासून कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत लाल धागा पसरला होता, आणि मधे एक शेळी त्यातल्या हातभर धाग्याची चव बघत उभी होती. डोकं कुठेच नव्हतं. हे धागा किटलीला गुंडाळत गुंडाळत दारापर्यंत आले आणि म्हणाले, "हे काय आहे?"

"ठकीचं डोकं," मी म्हटलं. आणि मला रडू फुटलं. मफलरासाठी नाही, शेळीसाठी तर नाहीच. चार दिवस राहिले होते आणि आत कौसी ठकीला पोटाशी धरून झोपली होती.

यांनी गळ्यातला उरलेला मफलर काढून माझ्या हातात ठेवला. "सगळाच घे बाई. असं रोज वीतवीत नको."

हे बोलण्यात कमी, पण वेळेवर.

आता धागा हवा तेवढा होता, कड कशी उचलायची तेही कळलं होतं. दुसरं डोकं एका दुपारीच झालं, धडही झालं. आता आत काय भरायचं? सुलाबाई, बोलणं सुरू करून, म्हणाल्या, चिंध्या. चांगुणाबाई म्हणाल्या, "चिंध्या कशाला? कापसाच्या मुलखात ऱ्हाताव आपण." दुसऱ्याच दिवशी रविवार होता आणि आम्हाला पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जायचंच होतं. तिथं यांचे मुंजाजीमामा शेती करतात. बाहुलीला कापूस लागतो दोन मुठी. पण मामांना मुठीनं देता येत नाही. त्यांनी उशीचा अभ्रा दाबून दाबून भरून दिला आणि वर "एवढ्यानं काय व्हतंय?" म्हणून हळहळले.

त्या वर्षी कापसाची खरेदी सरकारनं आपल्याकडे घेतली होती, आणि चोरून विकायला नेलेला कापूस पकडायला परतीच्या वाटेवर कुठलासा तात्पुरता नाका लागला होता. आमची एसटी थांबली. टेबलामागच्या साहेबांच्या गळ्यात मफलर होता, पूर्ण लांबीचा. हे त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले.

"यात काय हाय?"

"कापूस," हे म्हणाले.

"कुणाचा?"

"बाहुलीचा," मी म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि खरं हे असं दिसत होतं.

"बाहुली कुठं हाय?"

"अजून व्हायचीय."

"म्हंजे बाहुली न्हाई. नुस्ता कापूसच हाय." साहेबांनी कौसीच्या काखेतली ठकी बघितली आणि तिच्या डोक्यावर टिचकी मारली. "ही तर लाकडाची हाय. हिच्यात कसा भरणार?"

कौसी म्हणाली, "मारू नका तिला." साहेबांनी बोट मागे घेतलं, पण अभ्रा सोडला नाही. म्हणाले, अर्ज द्या. बाहुलीची लांबी, रुंदी, लागणारा कापूस, कारण.

आमच्या यांची सारी नोकरी दुसऱ्यांचे अर्ज परत करण्यात गेलेली. उभ्यानं अर्ज लिहिताना त्यांचा चेहरा बघवत नव्हता. साहेबांनी अर्ज वाचला आणि परत केला. "समास सोडला न्हाई."

चाळीस प्रवासी खिडक्यांतून बघत होते. कंडक्टर वैतागला. "साहेब, उशी हाय म्हना अन् सोडा की. गाडी खामखा उभी हाय."

साहेब विचारात पडले. "उशीला आपली हरकत न्हाई. पर उशीचं तोंड शिवलेलं आसतंय."

माझ्या पिशवीत क्रोशाची सुई होती आणि लाल धागा होता. रस्त्यात उभी राहून मी अभ्र्याचं तोंड शिवलं. खिडकीतून एक बाई टाके जवळजवळ घालायला सांगत होती.

"आता डोकं ठिवून दाखवा," साहेब म्हणाले.

आणि माझा नवरा, वरिष्ठ कारकून, मुलखातल्या चाळीस माणसांसमोर टेबलावरच्या उशीवर डोकं टेकून उभ्यानं झोपला. साहेबांनी मान हलवली. "वापरातली उशी. जाऊ द्या." परभणी येईपर्यंत हे खिडकीबाहेर बघत राहिले. मी एकदाच विचारलं, "मऊ होती का?" 

घरी अभ्रा उसवला आणि चांगुणाबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं माय, ह्यात सरकी हाय की! येकयेक बी येचावं लागंल."

बारसं परवावर आलं होतं. चांगुणाबाईंनी बसून डोक्यापुरती सरकी काढून दिली. पोटाचा कापूस मी तसाच भरला. पोटातली सरकी कोण बघतंय? हे वाक्य मी तेव्हा मोठ्यानं म्हटलं होतं. साक्षीदार आहेत.

लोकर ताणते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. भरेल तेवढा कापूस ती खात गेली. वीतभर व्हायची बाहुली दीड हात झाली. पोट पुढे आलं आणि त्याला सरकीचे उंचवटे आले. पाय न करण्याचा हुबेहूबपणा तेवढा साधला. शेवटी बोटभर लोकर उरली तेव्हा मी तिला नाकही केलं. का केलं कोण जाणे. नाक नसलेलं तोंड आपल्या हातानं करवेना.

सुलाबाई म्हणाल्या, "बाळंतीण दिसायलीय."

कौसी उठली. डोळे चोळत तिनं नव्या बाहुलीकडे बघितलं, मग हातातल्या ठकीकडे. 

"ही ठकी न्हाई," कौसी म्हणाली.

सुलाबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"ही ठकीची आई हाय." आणि तिनं लाकडी ठकी उचलून लोकरीच्या मांडीवर, म्हणजे मांडी असायला हवी होती तिथं, ठेवली. "आता ठकी रडायची न्हाई. आई आली तिची."

क्षणभर मला वाटलं, जिंकले. दुसऱ्या क्षणी कळलं, मी काय करून बसले ते. ठकी सुटावी म्हणून राबले होते, आणि ठकीला मीच आई आणून दिली होती. आता कौसीकडून बाहुली घ्यायची नव्हती, एका आईकडून तिची लेक घ्यायची होती.

पाथरीत बारशाला घर बायकांनी भरलं होतं. पाळणा सजला, पाळणे म्हणून झाले. सासूबाई म्हणाल्या, "आणा ठकी." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कोपऱ्यात बघितलं. कौसी दोन्ही बाहुल्या कवटाळून भिंतीला पाठ लावून बसली होती.

"देत न्हाई. तिची आई रडंल."

मी समजावलं, यांनी समजावलं, एका बाईनं बत्तासा दाखवला. बाळ रडायला लागलं. बाजेवरून वन्सं म्हणाल्या, "राहू द्या ना वहिनी. वरवंटा घाला."

"वरवंटा? ह्या घरात?" सासूबाई अशा काही म्हणाल्या की बाळही थांबलं. मला वाटलं, आता त्या येऊन ठकी हिसकावणार. त्या आल्या खऱ्या. पण गुडघ्यावर हात ठेवून कौसीपुढे खाली बसल्या. त्यांना असं बसलेलं मी तोवर बघितलं नव्हतं.

"कौसे, ठकी आता मोठी झाली. सासरी जाती ती."

कौसीनं विचार केला. दिवाळीला आलेली चांगुणाबाईंची लेक परत सासरी निघाली तेव्हा कौसी सगळा वेळ त्यांच्या दारात उभी होती.

"मग वटी भरावं लागंल."

"भरू."

"अन् पंचमीला?"

"मुराळी धाडून घिऊन जा. मी न्हाई म्हणत न्हाई."

मग आमच्या घरात ठकीची पाठवणी झाली. तांदूळ आले, हळदकुंकू आलं. ओटी धरायला ठकीला हात सुटे नाहीत म्हणून पदर वन्संनी धरला. कौसीनं लोकरीच्या बाहुलीला उचलून ठकीच्या गळ्यात घातलं आणि चांगुणाबाईंच्या आवाजात म्हणाली, "नीट ऱ्हा माय. सासूला उलटून बोलू नको. लय आठवण आली तर कामाला लागावं."

बायका हसून हसून डोळे पुसायला लागल्या. मला हसू आलं नाही. एसटीच्या पायरीवर माझ्या आईनं मला जवळजवळ हेच सांगितलं होतं. मी खाली मान घालून लोकरीच्या बाहुलीचा एक सुटलेला धागा आत खोचत बसले. मान वर केली तर सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या.

"हिला हे कुणी शिकवलं गं?"

"मी नाही," मी म्हटलं.

कौसीनं आपल्या हातानं ठकी पाळण्यात ठेवली. झोका तिनंच दिला.

परभणीला आल्यावर कौसी रडली नाही. तिच्या वाटचं ठकीची आई रडायला लागली. "रडून रडून तोंड खराब झालंय हिचं," म्हणत कौसी रोज सकाळी तिला ऊन पाण्यानं न्हाऊ घालायची आणि न्हाणीतल्या बंबाशेजारी उबेला ठेवायची. ती बाहुली एक दिवस कोरडी झाली नाही. मी अडवलं नाही. कुणाचं दुःख कसं धुतलं जातं हे आपण कसं सांगणार?

आठव्या दिवशी सकाळी न्हाणीतून किंकाळी आली. मी धावले, हे अर्धी दाढी करून धावले, नळावरून सगळ्या धावल्या. बाहुलीच्या पोटातून, दोन खांबांच्या मधल्या फटीतून, दोन कोवळी हिरवी पानं बाहेर आली होती.

"ठकीच्या आईला बाळ झालं!" कौसी नाचत होती.

"माय माय माय," चांगुणाबाई म्हणाल्या, "सरकी उगवली की गं!"

"मी म्हणलंच होतं," सुलाबाई म्हणाल्या, "बाळंतीण दिसायलीय."

यांनी गालावरचा साबण तसाच ठेवून विचारलं, "नाक्यावर कळवावं लागेल का?"

सुईणपण चांगुणाबाईंनी केलं. एकही टाका न तोडता मुळासकट रोप बाहेर काढलं आणि डालड्याच्या डब्यात लावलं. डब्याला गुंडाळायला दुपटं पाहिजे म्हणून कौसीनं हट्ट धरला. पहिल्या धाग्याचा, शेळीच्या तोंडातून सोडवलेला एक गुंता घरात होता, त्याचं मी दुपटं विणलं. सपाट. सुलाबाईंनी खूप नावाजलं. मफलरचं तेवढं शेवटचं टोक डब्यावर बघून हे म्हणाले, "चला, कुणाला तरी ऊब आहे."

मग कौसी कार्डासाठी अडून बसली. यांनी चांगला दोन बोटं समास सोडून लिहिलं: "ठकीच्या आईला मुलगी झाली. बाराव्याला बारसं. ठकी घेऊन या. कळावे." मी म्हटलं, टाकू नका, सासूबाईंना थट्टा वाटेल. यांनी टाकलं.

बाराव्या दिवशी दुपारी, कौसीच्या झोपेच्या माझ्या त्या तासात, दाराची कडी वाजली. सासूबाई. परभणीत बिऱ्हाड करून आम्हाला दोन वर्षं झाली होती, त्या एकदाही आल्या नव्हत्या. हातात पिशवी आणि पिशवीतून दोन टपोरे डोळे बघत होते.

"अशी काय बघायलीस? बारसं हाय म्हणलाव न्हवं? ठकीबिगर कसं करणार व्हता, वरवंटा घालून?"

त्यांना पाणी दिलं. त्यांनी लोकरीची बाहुली मांडीवर घेतली, उलटी केली, सुलटी केली, पोटावरून हात फिरवला. मी बाजूला उभी होते, परीक्षेला उभं राहावं तशी.

"तू केलीस?"

"हो."

"मफलर माझ्या लेकाचा?"

"हो."

त्यांचं बोट बाहुलीच्या तोंडावर थांबलं. "नाक केलंस हिला."

"लोकर उरली होती."

त्यांनी बाहुली खाली ठेवली. मग दाराकडे बघितलं, झोपलेल्या कौसीकडे बघितलं आणि मला हातानं जवळ बोलावलं. माझ्या कानाशी लागून त्यांनी लाकडी ठकीचं नाक कसं गेलं ते सांगितलं, आणि कुणापाशी बोलायचं नाही म्हणून कौसीच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. मग पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की खाट हलून कौसी जागी झाली.

शपथ आहे, त्यामुळे मी सांगणार नाही. पाथरीत नाकाचा विषय निघाला की आता मीही सासूबाईंच्या मागोमाग चुलीकडे जाते, म्हणून तर सगळे माझ्याकडे बघतात. एवढंच सांगते, की ते नाक कुणी खाल्लेलं नाही. आणि घरात नवी सून आली तर देवघराच्या भिंतीत खिळा ठोकायला सांगताना तिच्या हातात आधी हातोडी द्यावी.